सोयीचा कागद

आमच्या भावकीत बांधाचा वाद होता, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी एक जीर्ण कागद सापडला. आमच्याच बाजूचा! तो खरा की बनावट, हे पाहायचे मला सुचलेसुद्धा नाही. म्हणूनच अमेरिकेतले जेरल्ड टॅनर मला मोठे वाटतात.

जेरल्ड आणि त्यांच्या पत्नी सँड्रा, दोघेही मॉर्मन घरांत वाढलेले. सँड्राबाई तर पंथाचे दुसरे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांच्या वंशातल्या. दोघांनी पंथ सोडला, ते इव्हँजेलिकल ख्रिस्ती झाले आणि पंथाचे मुख्यालय असलेल्या सॉल्ट लेक सिटीतच जुनी कागदपत्रे छापून पंथाच्या दाव्यांना आव्हान देऊ लागले.

तेवढ्यात एका जुन्या पत्राचा गाजावाजा झाला. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची कहाणी ते थेट जादूटोण्याशी जोडत होते. विरोधकांना आणखी काय हवे? पण पत्रातला मजकूर १८३४ च्या एका पुस्तकाशी जरा जास्तच जुळतो, हे जेरल्डना खटकले. १९८४ मध्ये त्यांनी आपल्याच पत्रिकेत तशी शंका छापली. ती सँड्राबाईंनाही तेव्हा पटली नव्हती.

ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याच शहरात बॉम्बस्फोटांत दोघांचा बळी गेला. ते बॉम्ब जुन्या कागदांचा व्यापारी मार्क हॉफमन याने ठेवले होते. ते पत्रही त्यानेच बनवलेले! १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

जेरल्ड २००६ मध्ये गेले. त्यांची मते कुणाला पटोत न पटोत. मी मात्र परवा ट्रंक उघडून तो कागद पुन्हा उजेडात धरला.