थंडीतला चाकू घेताना

भाच्याच्या शिबिराची यादी आपाने आमच्यापुढे ठेवली तेव्हा तिच्यातली एक ओळ लाल शाईने खोडलेली होती. टॉर्च, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड, ताट, मग, पाच मीटर दोरी, हे सगळे ठेवले होते. खोडले होते ते एवढेच : 'घडीचा चाकू, एक.'

भाचा एकोणीस वर्षांचा. डिसेंबरात मनालीजवळ दहा दिवसांचे डोंगरातले शिबिर, लालबागच्या बाहेर एकट्याने जायची पहिलीच वेळ. मुंबई सेंट्रलहून गोल्डन टेम्पल मेलने अंबाल्यापर्यंत आणि पुढे बसने जायचे. आपा म्हणाली, "बाकी सगळं घेईन. हे नाही."

आम्हाला वाटले, बोट कापून घेईल ही भीती असावी. तसे नव्हते. "बोट कापलं तर पट्टी बांधता येते," ती म्हणाली. "वाटेत कुणी बॅग उघडली, चाकू निघाला आणि मग नाव विचारलं तर? मी इथे, तो तिकडे. मी कुणाला फोन करू?"

आपल्या घरांत ही भीती कुणी मोठ्याने बोलत नाही. पण मुलगा दूर निघाला की आई बॅग दोनदा तपासते, ती फक्त स्वेटर राहिला का हे बघण्यासाठी नव्हे. आपाला हसून उडवून लावणे सोपे होते. ते आम्ही केले नाही. तिच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली आणि दोन प्रश्नांची उत्तरे शोधायचे ठरवले. थंडीत उपयोगी पडेल असा स्वस्त चाकू कोणता? आणि तो जवळ बाळगताना एहतियात कोणती? वाचकांपैकी अनेकांची मुले हल्ली सहलींना, शिबिरांना, शिक्षणासाठी उत्तरेकडे जातात, म्हणून हा तजुर्बा इथे मांडत आहोत.

आधी काम काय ते पाहू. थंड प्रदेशात चाकू लागतो तो साध्याच गोष्टींना. सफरचंद कापायला, पावाला लोणी लावायला, दोरी किंवा चिकटपट्टी तोडायला, हातमोजे घातलेले असताना दातांनी न फाटणारे पुडके उघडायला. बोटे बधिर झाली की बुटाच्या नाडीची ओली गाठसुद्धा सुटत नाही, ती कापावी लागते. या कामांना अडीच-तीन इंचांचे पाते पुरते. मोठ्या पात्याने फायदा काही होत नाही, धोका तेवढा वाढतो.

आता थंडीचे. आम्हा मुंबईकरांना थंडी म्हणजे काय ते नीटसे ठाऊक नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, त्याची आठवण अजून काढली जाते. मनालीच्या डिसेंबरात रात्रीचा पारा शून्याखाली जाणे ही रोजची गोष्ट आहे. अशा हवेत चाकूचे तीन भाग त्रास देतात : मूठ, सांधा आणि आपली स्वतःची बोटे.

मुठीची गोष्ट आम्ही वर्गात मुलांना बाकावरच शिकवतो. हिवाळ्यातल्या सकाळी एक हात बाकाच्या फळीवर ठेवायचा, दुसरा लोखंडी पायावर. मुले ओरडतात, "सर, लोखंड जास्त थंड आहे!" खरे तर दोन्हींचे तापमान सारखेच असते. लोखंड हातातली ऊब भराभर ओढून घेते, लाकूड घेत नाही, एवढाच फरक. लाकडाच्या मानाने स्टेनलेस स्टीलमधून उष्णता सुमारे शंभरपट वेगाने वाहते आणि अॅल्युमिनियममधून हजारपटींहून अधिक. म्हणून दुकानात चकचकीत दिसणारी अखंड स्टीलची मूठ बर्फात हाताला चावते. हात ओला असेल तर कातडी तिला चिकटूही शकते. स्वस्त, कडक प्लॅस्टिकची अडचण निराळी. ते गार लागत नाही, पण थंडीत ठिसूळ होते आणि तडकते. लाकूड किंवा जाड रबरी आवरणाची मूठ सर्वांत बरी.

हे मनाशी ठरवून आम्ही बाजारात निघालो. दादर स्टेशनबाहेरच्या पदपथावर ६० रुपयांत प्लॅस्टिकच्या मुठीचा फळांचा चाकू मिळाला. तोही घेतला, परीक्षेसाठी. तिथल्याच डोंगरभटकंतीचे सामान विकणाऱ्या दुकानात फ्रान्सचा ओपिनेल पाहिला. लाकडी मूठ आणि पाते अडकवून ठेवणारी फिरती कडी. हा चाकू १८९० पासून आल्प्सच्या सव्हॉय भागात बनतो आणि ती कडी १९५५ मध्ये आली. मोज्यांतल्या बोटांनीही कडी फिरते, हा मोठा गुण. मात्र दमट हवेत लाकूड फुगते आणि पाते आत घट्ट बसते. मुंबईच्या पावसाळ्यात त्याचा मालक वैतागेल, कोरड्या थंडीत मात्र तो बरा चालतो. किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. आम्ही ५०० रुपयांच्या आत बसणारा चाकू शोधत होतो.

गिरगावातून भुलेश्वरकडे जाताना एका भांड्यांच्या दुकानात मालकाने कौतुकाने एक चाकू काढला. बटण दाबले की पाते खटकन बाहेर. "मुलांना हाच आवडतो," तो म्हणाला. आवडतो म्हणूनच घेऊ नये. असा चाकू खिशात चुकून उघडू शकतो आणि पाहणाऱ्याला तो फळे कापायचा वाटत नाही. हिंदी सिनेमातल्या रामपुरीने हे काम आधीच करून ठेवले आहे. पुढच्या दुकानात किल्लीच्या जुडग्याला लावायचा चिमुकला चाकू होता. पाते उघडायला फक्त नखाची खाच. आम्ही खिशातून लोकरीचे मोजे काढून हातात चढवले आणि प्रयत्न केला. दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली, पण पाते काही उघडले नाही.

शेवटी नागदेवी स्ट्रीटवर, हत्यारांच्या बाजारात, हवा तसा सापडला. लाकडी मूठ, पितळी टोके, पावणेतीन इंचांचे स्टेनलेस पाते, मुठीच्या पाठीवर दाबायचा खटका. पाते मिटल्यावर त्याची थोडी कड मुठीबाहेर राहत होती, त्यामुळे नखाशिवाय, चिमटीत धरून ते उघडता येत होते. किंमत २६० रुपये. पाते उघडून आम्ही ते दोन्ही बाजूंना हलवून पाहिले, डुगडुगले नाही. खटका लागल्यावर पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटली, मिटले नाही. या दोन परीक्षा दुकानातच कराव्यात.

तिसरी परीक्षा घरी. घरच्या फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ अंश असतात, म्हणजे मनालीच्या रात्रीपेक्षाही कडक थंडी. आम्ही तीन चाकू रात्रभर आत ठेवले. पदपथावरचा, नागदेवीचा, आणि घरातला अब्बांच्या वेळचा स्टीलच्या मुठीचा. सकाळी आपालाही बोलावले. मोजे घालून एकेक बाहेर काढला. प्लॅस्टिकच्या चाकूने गोठलेले लिंबू कापताना जोर दिला, तशी मुठीला खिळ्यापाशी चीर गेली. अब्बांचा चाकू मोज्यातूनही गार लागला आणि उघडेचना. आम्ही गोंधळलो, पण आपाने लगेच ओळखले. "खोबरेल घातलंय ना त्याला?"

घातले होते. आपल्या घरांत कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला खोबरेल. पण खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. जानेवारीत मुंबईतसुद्धा बाटली उन्हात ठेवावी लागते, मग बर्फात सांध्यातले तेल मेणासारखे घट्ट होणारच. खाण्याच्या इतर तेलांचा पुढे चिकट थर बसतो. सांध्याला शिलाई मशीनचे पातळ तेल एक थेंब घालावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. पाते अन्नाला लागणार असेल तर केमिस्टकडे मिळणारे लिक्विड पॅराफिन चांगले. नागदेवीच्या चाकूला आम्ही तेच लावले होते. तो उघडला. आपाने स्वतः मोजे घालून दोनदा उघडून-मिटून पाहिला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला.

चाकू मिळाला होता, पण आपाच्या प्रश्नाचे उत्तर बाकी होते. त्यासाठी आम्ही कायदा वाचला. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामांसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. गाडी दिल्लीवरून जाते आणि तिथला नियम अधिक कडक आहे. दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेने स्प्रिंगचे, बटणाचे आणि यांत्रिक खटक्याने उघडमीट होणारे चाकू, पाते ७.६२ सें.मी. किंवा त्याहून लांब आणि १.७२ सें.मी. किंवा त्याहून रुंद असेल तर, बाळगण्यास मनाई केली आहे. ७.६२ सें.मी. म्हणजे बरोबर ३ इंच. आमच्या चाकूचे पाते पट्टीने मोजले, ७ सें.मी. भरले. आणि आपल्या मुंबईत? महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, आणि त्या कलमात काठ्या-तलवारींबरोबर चाकूचेही नाव आहे. म्हणून शहरात चाकू रोज खिशात घेऊन फिरायची सवय नकोच.

हे सगळे कागदावर लिहून आम्ही आपासमोर ठेवले आणि भाच्यालाही बसवले. त्याच्याकडून चार गोष्टी कबूल करून घेतल्या. चाकू खिशात नाही, डब्याच्या पिशवीत, सफरचंद, ताट आणि चमच्यासोबत राहील. दुकानाची पावती आणि शिबिराची छापील यादी त्याच पिशवीत असेल, कुणी विचारले तर लपवाछपवी न करता आधी यादी पुढे करायची. उघड्या चाकूसोबत फोटो किंवा रील नाही, गंमत म्हणूनही नाही. आणि दुसऱ्याच्या हातात देताना चाकू मिटून द्यायचा. ही शेवटची गोष्ट त्याला नवी नव्हती. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्याने लहानपणी मदरशात ऐकली होती. उपसलेली तलवार तशीच दुसऱ्याच्या हाती देण्यासही हदीसमध्ये मनाई आली आहे.

आपाने यादी ओढून घेतली. खोडलेल्या ओळीशेजारी तिने निळ्या शाईने पुन्हा लिहिले, 'चाकू, डब्याच्या पिशवीत.' मग म्हणाली, "भीती गेली नाही माझी. पण आता काय सांगायचं ते त्याला माहीत आहे." निघायच्या दिवशी मेट्रोची तपासणी टाळून आम्ही टॅक्सीने मुंबई सेंट्रल गाठले.

निगा राखण्याबद्दल थोडे. थंड बाहेरून उबदार खोलीत आणलेल्या चाकूवर पाणी धरते, चष्म्यावर धरते तसेच. तो पुसून, उघडा ठेवून वाळवावा, नाहीतर सांध्यात गंज चढतो. गोठलेल्या वस्तूत पाते खुपसून पिळू नये, धारेचा टवका उडतो. डबे उचकटायला चाकू वापरू नये. धार निघण्यापूर्वीच लावून घ्यावी, कारण बोथट चाकूला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की तो निसटतो. विमानाने जाणार असाल तर चाकू केबिनमध्ये चालत नाही, सामानात द्यावा लागतो.

भाचा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतला. ओठ फुटलेले, रंग काळवंडलेला, तब्येत ठणठणीत. वाटेत कुणी बॅग उघडली नाही. शिबिरात त्याच्या तंबूतल्या पाच जणांत चाकू त्याच्या एकट्याकडेच होता, त्यामुळे सफरचंदे रोज त्यालाच कापावी लागली, अशी त्याची तक्रार होती. परवा आपाकडे गेलो तेव्हा चाकू विचारला. तो तिच्या सुपारीच्या डब्याशेजारी होता, पुसलेला, मिटलेला. सांध्याला बोट लावून पाहिले. खोबरेल नव्हते.