धण्यांचा वाफा आणि पिवळा बोका

ठेव तो खडा खाली, चिमे. बोका केव्हाच कुंपणापलीकडे गेला. आता फेकलास तर फुटेल ती तुळशीची कुंडी.

ये, पायरीवर बस माझ्याजवळ. काल आपण दोघांनी धणे रगडून वाफ्यात टाकले, वरून बोटभर माती ओढली, झारीनं पाणी दिलं. आणि आज सकाळी पाहतो तर मधोमध खळगा, त्याशेजारी मातीचा उंचवटा, आणि त्या उंचवट्याखाली काय आहे ते तुला तुझ्या नाकानंच सांगितलं. राग आला ना? मलाही आला. पण शेजारच्या काकूंच्या या बोक्याला आपला वाफा कसा दिसला असेल, ते आधी ऐक.

फार जुनी गोष्ट. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलुखात एक रानमांजर राहतं. अंग सडपातळ, रंग वाळूसारखा, शेपटीवर काळी वलयं. आज जगातल्या घराघरांत फिरणारी मांजरं त्याच्याच वंशातली. माणूस शेती करायला लागला, कणग्या भरल्या. धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागं मांजर आलं. गाईला दावं लावलं, घोड्याला लगाम घातला, मांजराला मात्र कुणी बांधून आणलं नाही. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलंय. त्यात माणूस पुरलेला आणि त्याच्यापासून जेमतेम 40 सेंटीमीटरवर एक मांजर. त्या बेटावर मांजरं मूळची नव्हती. कुणीतरी होडीत घालून, समुद्र ओलांडून त्याला नेलं असणार. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती तरी वेळ मी त्या होडीचाच विचार करत होतो.

तर हे रानमांजर उंदरांसाठी वाघ, पण मोठ्या जनावरांसाठी घासभर शिकार. मग आपला माग लपवायला नको का? म्हणून ते विष्ठा पुरतं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पुरायला हवी भुसभुशीत माती, नख लावलं की सरकणारी. आता आठव, काल आपण काय केलं? खुरप्यानं माती पालथी घातली, ढेकळं फोडली, खडे वेचले, हातानं सारखी केली. बोक्यानं पंजा टेकवला. पंजानं विचारलं, उकरते का? मातीनं सांगितलं, उकरते. गोष्ट एवढीच, चिमे.

आणि तो पुन्हा त्याच जागी का येतो? वासामुळं. भिंतीकडं पाठ करून, शेपटी ताठ करून ती थरथरवताना पाहिलंयस ना त्याला? तेव्हा तो मुताचा फवारा सोडतो. त्या मुतात फेलिनीन नावाचं एक गंधकयुक्त द्रव्य असतं. ते हळूहळू फुटत जातं तसा तो उग्र दर्प बाहेर पडत राहतो. दुसऱ्या मांजराला त्या वासावरून कळतं, इथं कोण येऊन गेलं. जर्मन अभ्यासक पाऊल लेहाउझन यांनी मांजरांच्या मागं फिरून एक नवल टिपलं. एकाच वाटेवरून बरीच मांजरं जातात, पण शक्यतो आपापल्या वेळेला, समोरासमोर न येता. आपल्या चाळीत पूर्वी नळावर पाळ्या लागायच्या ना, तसंच. आपलं कुंपण, आपला सातबारा, मांजरांच्या या वासाच्या नकाशात कुठंच नाही. बोक्यांची नसबंदी केली की हे फवारे बरेच कमी होतात. काकूंशी मी बोललोय, त्या त्याला डॉक्टरांकडे नेणार आहेत.

डांबरगोळ्या? छे, ते मनातसुद्धा आणू नकोस. फिनेलही शिंपडायचं नाही. मांजराच्या यकृतात एक उणीव आहे. असली द्रव्यं पचवून बाहेर टाकायला जे विकर आपल्याकडं काम करतं, ते त्याच्याकडं जवळजवळ नाहीच. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतते. त्यात त्याला दिवसभर पंजे चाटायची सवय. पायाला लागलेलं विष थेट पोटात जाणार.

आपण मातीचंच उत्तर बदलू. परसात तुराट्यांचा भारा पडलाय ना, त्यातल्या वीतभर कांड्या तोडून वाफ्यात चार-चार बोटांवर खोचू. बसायला आणि वळायला जागा राहिली नाही की तो उकरणार नाही. वर कोंबड्यांची जुनी जाळी पसरू, कोथिंबीर तिच्या भोकांतून वर येईल. माती ओलसर ठेवू, ओल्या मातीत पाय घालायचा त्याला कंटाळा. आणि घाण मी काढतो, हातमोजे घालून. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म जीव पसरू शकतो. पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. तुझी मावशी बाळंतपणासाठी येतेय, तिला या वाफ्याकडं फिरकू द्यायचं नाही, आणि कोथिंबीर तीन पाण्यांनी धुवायची.

पण त्यानं जायचं कुठं? नुसतं हाकललं तर तो वांग्यांच्या वाफ्यात जाईल. म्हणून त्या कोपऱ्यात, शेवग्याखाली, घमेलंभर कोरडी वाळू टाकू. कुंपणाशी ती खोकली उगवलीय बघ, मऊ पानांचं तण. तिचं मूळ उकरलं की मांजरं त्यावर लोळतात, गाल घासतात, वेडीपिशी होतात. मल्याळीत तिला पूच्चमयक्की म्हणतात, म्हणजे मांजराला भुलवणारी. तिचं एक मूळ वाळूशेजारी ठेवू, म्हणजे नवी जागा त्याला लवकर सापडेल.

चल, ऊठ. तू तुराट्या मोड, मी चाळण आणतो. वाळूतले खडे काढायला हवेत, त्याचे पंजे फार हळवे असतात.