इंजिन मागे, पाय पुढे : जुन्या बसमधील अडकणारी केबल

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या सेवेतून निवृत्त झालेल्या बसगाड्या विकत घेऊन, त्यांतील आसने काढून, त्या जागी पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर बसवून त्यांचे चालते घर करण्याची हौस गेली अनेक दशके टिकून आहे. जनरल मोटर्सने १९५३ ते १९६० या काळात बांधलेली पीडी-४१०४ आणि तिच्यामागून १९६१ मध्ये आलेली पीडी-४१०६ ही या हौशी मंडळींमधील मानाची नावे होत. दोन्ही सुमारे ३५ फूट लांब, ॲल्युमिनियमच्या पन्हळी अंगाच्या, आणि दोहोंचे डिझेल इंजिन पार शेपटाला आडवे बसवलेले असते. एस.टी.च्या ज्या जुन्या गाड्यांत चालकाच्या डाव्या हाताशीच बॉनेट असे, तेथे पाय आणि इंजिन यांच्यात फार तर हातभर अंतर होते. मागे इंजिन असलेल्या या गाड्यांत मात्र पायाचा निरोप दहा-दहा मीटर दूर न्यावा लागतो. तो कोठे लोखंडी दांड्यांच्या साखळीने, कोठे हवेच्या दाबाने, तर कोठे एका लांबलचक केबलने नेला जातो, आणि यांतील केबलचा मार्ग दिसायला सर्वांत सोपा असला तरी रुसायला सर्वांत लवकर रुसतो.

‘थ्रॉटल’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ गळा आवळणे असा आहे, आणि पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत तो अचूकही आहे, कारण तेथे हवेच्या वाटेतील एक झडप कमी-अधिक उघडून इंजिनाचा श्वास रोखला किंवा मोकळा केला जातो. पीडी-४१०४ मधील ६-७१ किंवा पीडी-४१०६ मधील ८व्ही-७१ या डेट्रॉइट डिझेल इंजिनांत असा गळा नसतोच. (नावातील पहिला आकडा सिलिंडरांचा, दुसरा प्रत्येक सिलिंडरच्या घनइंचांतील आकारमानाचा; म्हणजे एकेक सिलिंडर जवळजवळ १.१६ लिटरचा.) येथे ॲक्सिलरेटर दाबला की केबल गव्हर्नर नावाच्या यंत्रणेची तरफ ओढते आणि गव्हर्नर सिलिंडरांत जाणारे इंधन वाढवतो. गव्हर्नर म्हणजे फिरत्या वजनांच्या साहाय्याने इंजिनाचा किमान आणि कमाल वेग सांभाळणारा रखवालदार. त्यामुळे केबल ओढलेल्या अवस्थेत अडकली तर इंजिन अमर्याद पळत सुटत नाही, परंतु बोजा नसेल तर ते गव्हर्नरने आखलेल्या कमाल वेगापर्यंत जाऊन तेथेच गर्जत राहते, आणि अनेक टन वजनाची गाडी उतारावर असताना तेवढेही पुरेसे भयावह असते.

केबलची रचना सायकलच्या ब्रेकमुळे घरोघरी ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेल्या या युक्तीत पोलादी तारेच्या घट्ट वेटोळ्यांचे एक बाह्य आवरण असते आणि त्याच्या पोटातून पिळाची आतली तार सरकते. आवरण जागच्या जागी रोखून धरते आणि तार ओढते, म्हणून वळणावळणाच्या वाटेनेही ओढ पोहोचते. मात्र ही तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. पाय उचलल्यावर तिला मागे नेण्याचे काम सर्वस्वी इंजिनाशी लावलेल्या परतीच्या स्प्रिंगचे असते, आणि केबल ‘अडकते’ म्हणजे काय होते याचे उत्तर याच विषमतेत आहे. पाय हवा तेवढा जोर लावू शकतो, स्प्रिंगचा जोर मात्र ठरलेला असतो, त्यामुळे दुखणे जाताना जाणवत नाही, परतताना जाणवते.

या दुखण्याचे गणितही सांगण्यासारखे आहे. कोकणातल्या धक्क्यावर होडी लावणारा माणूस खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देऊन अख्ख्या होडीची ओढ एका हाताने पेलतो, कारण दोर जितका वळतो तितके घर्षण गुणाकाराने वाढत जाते. केबलमध्ये नेमके हेच नको असताना घडते. तार कोठे वळली यापेक्षा एकूण किती अंश वळली हे महत्त्वाचे. चार ठिकाणची नव्वद-नव्वद अंशांची वळणे मिळून खुंटाभोवतीचा एक पूर्ण वेढाच होतो. तार स्वच्छ असून घर्षणांक ०.१५ धरला, तर असा एक वेढा ओढीच्या सुमारे अडीचपट फरक पाडतो. तीच तार गंजून घर्षणांक ०.३ झाला, तर हा फरक साडेसहापटींवर जातो. इंजिनाकडची स्प्रिंग पाच किलोंच्या ओढीची असेल, तर पहिल्या स्थितीत तिची जवळजवळ दोन किलो ओढ पेडलपर्यंत पोहोचते, दुसऱ्या स्थितीत जेमतेम पाऊण किलो, आणि पाऊण किलोच्या ओढीने पेडल, त्याचा बिजागर आणि त्यावर साचलेली धूळ हलत नाही.

पुष्कळ जण अशा वेळी दणकट स्प्रिंग बसवून मोकळे होतात. हा उपाय वरवर तर्कशुद्ध वाटतो, तरी तो चुकीचाच म्हणावा लागेल, कारण घर्षण हे ताणाच्या प्रमाणात वाढते. गंजलेल्या केबलवर पाचाऐवजी दहा किलोंची स्प्रिंग लावली तर परतीची ओढ पाऊण किलोवरून दीड किलो होते खरी, परंतु दाबताना तारेवर ६५ किलोंहून अधिक ताण द्यावा लागतो, आणि त्या ताणाने तार आवरणाच्या आतल्या भिंतीला आणखी खोल चर पाडत जाते. पेडललाच एक वेगळी स्प्रिंग लावण्याची युक्ती याहून फसवी ठरते, कारण पेडल टुणकन वर येते, तार मधेच सैल पडते आणि मागे इंजिन मात्र रेसच राहते.

रूपांतरित गाडीत हे दुखणे अधिक का आढळते, याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की, प्रवासी सेवेतील बस रोज धावत असते आणि तिची केबल दिवसाला हजारो वेळा पुढे-मागे होऊन स्वतःला घासूनपुसून मोकळी ठेवते. घर झालेली बस मात्र महिनोन्महिने उभी असते, तेवढ्यात ग्रीस सुकून डिंकासारखे होते आणि केबलच्या सर्वांत खालच्या झोळात साचलेले पाणी तार गंजवते. दुसरे कारण रूपांतर करणाऱ्याच्या हातचे असते. पाण्याची टाकी, जनरेटर किंवा मैल्याची नळी बसवताना केबल बाजूला सारली जाते, प्लास्टिकच्या पट्टीने करकचून आवळली जाते, कधी एक्झॉस्टच्या नळीजवळून नेली जाते, आणि अशा रीतीने मूळ आराखड्यात नसलेली वळणे आणि उष्णता तिच्या वाट्याला येतात. पेडलखाली नवा जाड गालिचा अंथरलेला असतो, हे तर इतके साधे कारण आहे की ते शेवटी सुचते.

निदानाची रीत म्हणजे साखळीचे तुकडे करणे. इंजिन बंद ठेवून, चाकांना अटकाव लावून केबल इंजिनाकडच्या टोकाला सोडवावी आणि गव्हर्नरची तरफ हाताने फिरवून सोडावी. ती खटकन परतली नाही, तर दोष केबलचा नसून तरफेचा, तिच्या बिजागराचा किंवा स्प्रिंगचा आहे. मग पेडलकडचे टोक सोडवून पेडल एकटे हलवून पाहावे. दोन्ही मोकळे असतील तरच केबलकडे वळावे, आणि तारेच्या एका टोकाला ताणकाटा अडकवून ती सरकू लागण्यास किती किलो लागतात हे पाहावे. केबलचे पट्टे एकेक सैल करत गेल्यास ज्या पट्ट्यापाशी काट्याचा आकडा एकदम उतरतो, तेथे आवरण चेपलेले किंवा आवळलेले असते.

आतली तार बाहेर काढता येण्याजोगी असेल, तर तीच सगळी हकिकत सांगते. पांढऱ्या फडक्याच्या चिमटीत धरून ती सावकाश ओढली की बहुतेक लांबीवर फडके नुसते काळपट होते, मग वीतभर अंतरावर तांबूस चूर लागते, आणि कोठेतरी एक तुटका धागा गळासारखा फडक्यात रुततो. तो गळच आवरणाच्या वेटोळ्यांत अडकत असतो, म्हणूनच केबल कधी अडकते तर कधी नाही. तारेच्या टोकापासून त्या जागेपर्यंतचे अंतर मोजून तेवढेच बाहेरच्या आवरणावर मोजले, की फरशी न उचलता दोषाची जागा कळते. धागा तुटलेल्या तारेला तेल पाजणे म्हणजे दुरुस्ती नव्हे; ती बदलावीच लागते. नुसती कोरडी पडलेली, अस्तर नसलेली जुनी केबल मात्र आधी रॉकेलसारख्या पातळ द्रवाने धुऊन आणि मग पातळ तेल सोडून पुष्कळदा सुधारते. आतून प्लास्टिकचे निसरडे अस्तर असलेल्या केबलला सहसा तेलाची गरज नसते, आणि दाट ग्रीस भरले तर ते धूळ धरून थंडीत घट्ट होते.

नवी केबल ओवण्याची पद्धत पायजम्यात नाडी घालण्यासारखी आहे. जुनी केबल काढण्यापूर्वी तिच्या शेपटाला मजबूत दोरी बांधतात, ती ओढली की दोरी वाटेत येते, आणि मग दोरीला नवी केबल बांधून उलट ओढतात. बोटींच्या इंजिनांसाठी मिळणाऱ्या ढकल-ओढ जातीच्या केबलला, जिची आतली तार कडक असून थोडीफार ढकलूही शकते, साधारण ८ इंचांपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नये असा संकेत आहे. आवरणाचे मागचे टोक गाडीच्या सांगाड्यावर नव्हे, तर इंजिनावरच पक्के केलेले बरे, कारण रबरी पायांवर बसलेले इंजिन जोर घेताना डुलते, आणि टोक सांगाड्यावर असल्यास ते डुलणेच केबल ओढू लागते. पेडलखाली एक आडकाठी अशी लावावी की तरफ पूर्ण उघडताच पाय तेथे टेकेल; नाहीतर चालकाचा सगळा जोर तारेवर येतो.

अमेरिकी नियमांनुसार १९७३ पासून ॲक्सिलरेटरला परत आणणारे शक्तीचे किमान दोन स्रोत असावे लागतात, म्हणजे एक स्प्रिंग तुटली तरी दुसरी काम करील. साडेचार टनांहून जड वाहनांत ही परत दोन सेकंदांच्या आत व्हावी लागते, कडाक्याच्या थंडीत तीन सेकंदांची मुभा असते. ४१०४ आणि ४१०६ या त्याआधीच्या असल्या तरी गव्हर्नरच्या तरफेवर दुसरी स्प्रिंग लावण्यास फारसा खर्च येत नाही, फक्त दोघींची मिळून ओढ पूर्वीच्या एकीहून फार वाढू नये.

केबलला कंटाळलेले काही मालक हवेच्या दाबावर चालणारा थ्रॉटल बसवतात. त्यात पेडल म्हणजे हवेचा झडपी नळ आणि इंजिनाशी एक छोटा सिलिंडर असतो. ब्रेकसाठी गाडीत दाबाची हवा असतेच, तीच वापरली जाते. वळणांचा प्रश्न त्यात मुळापासून सुटतो, मात्र टाकीत हवा भरेपर्यंत सकाळी इंजिन रेस करता येत नाही. आणि उपाय कोणताही केलेला असो, अंतिम तपासणी गाडी गार असताना करून भागत नाही: तासभर चालवून इंजिनाचा कप्पा तापल्यावर, अस्तर फुगलेले आणि पट्टे ढिले पडलेले असताना, गाडी उभी करून पेडल दाबून एकदम सोडतात आणि मागून येणारा आवाज स्लोवर उतरायला किती वेळ घेतो ते ऐकतात.