आवडीनिवडीचें माप

विश्रांतवाडींतील एखाद्या घरीं सकाळच्या वेळीं प्रश्नपत्रक घेतलेली तरुणी येते आणि घरच्या बाईंना विचारते, "ह्या चहाची चव आपणांस कशी वाटते? एक ते पांच यांपैकीं आंकडा सांगावा." बाई "चार" म्हणतात. तरुणी तो टिपून घेऊन शेजारच्या दाराकडे वळते. अशा शेंकडों आंकड्यांवरून कोणता माल ठेवावा व कोणता बंद करावा हें ठरतें. तेव्हां त्या चाराचा अर्थ काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

बाजाराची शास्त्रीय पाहणी पुण्यास नवी नाहीं. 1930 सालीं स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें पुण्यांतील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी 1933 सालीं प्रसिद्ध केली. संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे तिच्या कर्त्यांपैकीं एक होते. फळांची किंमत, वजन, नग हीं टिपणें कष्टाचें असलें, तरी त्या मापांच्या अर्थाविषयीं वाद नसतो. मनांतील आवड मोजूं लागलें कीं खरी अडचण सुरू होते.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनीं 1946 सालीं मापनाच्या चार श्रेणी सांगितल्या. पहिली नामश्रेणी. टिंगरेनगरास 1, धानोरीस 2, कळसास 3 असे आंकडे दिले, तर ते नांवाच्या जागीं असतात. त्यांची बेरीज व्यर्थ. दुसरी क्रमश्रेणी. आंबा पहिला, केळें दुसरें, पेरू तिसरा, एवढ्यानें क्रम कळतो. आंबा केळ्याहून किती अधिक आवडतो, तें कळत नाहीं. तिसरी अंतरश्रेणी. उष्णतामापकावरील अंश सारख्या अंतराचे असतात; परंतु त्यांतील शून्य केवळ संकेतानें ठरलेलें असल्यामुळें चाळीस अंश म्हणजे विसाच्या दुप्पट उष्णता नव्हे. चौथी गुणोत्तरश्रेणी. येथें शून्य म्हणजे खरोखरच कांहीं नाहीं; म्हणून चार किलो साखर दोन किलोच्या दुप्पट भरते.

मतें मोजण्याची पांच पायऱ्यांची रीत रेन्सिस लिकर्ट यांनीं 1932 सालीं मांडली. चहाविषयींचें उत्तरहि तसेंच पायऱ्यांचें. काटेकोरपणें पाहतां तें क्रमश्रेणींतच बसतें. तीन आणि चार यांतील अंतर चार आणि पांच यांतील अंतराएवढेंच आहे, याची हमी कोण देणार? तरीहि व्यवहारांत सर्रास सरासरी काढतात. समजा, दहा घरांपैकीं कडक चहा आवडणाऱ्या पांचांनीं 5 सांगितले आणि सौम्य चहा आवडणाऱ्या पांचांनीं 1. सरासरी येते 3, म्हणजे "साधारण". पण साधारण असें कोणीच म्हटलें नव्हतें! त्या तिनावर विसंबून चहा जरासा सौम्य करणारा व्यापारी हातचीं पांच घरें गमावील आणि उरलेलीं पांच मिळतीलच असें नाहीं. म्हणून कोणता आंकडा कितीजणांनीं सांगितला, हें आधीं पाहावें.

शिवाय तागडीहि तपासावी लागते. दर वेळीं शंभर ग्रॅम कमी दाखविणारी तागडी एकच उत्तर देते, पण खरें देत नाहीं, "हा उत्तम चहा आपणांस आवडला ना?" हा प्रश्न त्याच जातीचा. बाईंचा "चार" हें प्रथम एका माणसाचें मत असतें, आंकडा तो मागाहून होतो. हें विसरणाऱ्याचें गणित बिनचूक असूनहि निर्णय चुकतो.