पटकीच्या विषाची पारख : सशाच्या आतड्यापासून सिलिकेच्या मण्यापर्यंत

पटकी या रोगाच्या नावांचा इतिहास हा काही अंशी चुकलेल्या ओळखींचाही इतिहास आहे. मराठी-कोकणीतील ‘मोडशी’ हा शब्द गोव्यातील पोर्तुगीजांनी आपल्या उच्चाराने उचलला. गार्सिया द ऑर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो आढळतो. पुढे फ्रेंचांनी त्याच ध्वनींतून ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ काढला. ध्वनी जुळले, अर्थ मात्र निसटला. महाराष्ट्राने या रोगामागे मरीआई पाहिली, बंगालने ओलाबिबी आणि ओलाइचंडी. रोगाचे विष नेमके ओळखणारा प्रयोग कलकत्त्यात झाला, आणि तेथून निघालेली वाट वाळूच्याच रासायनिक कुळातील सिलिकेच्या सच्छिद्र मण्यांपर्यंत गेली. एखाद्या द्रव्याची ओळख पटणे म्हणजे काय, हे या वाटचालीवरून चांगले समजते.

इजिप्तमध्ये आरंभिलेला शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पूर्णत्वास नेला आणि स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू पटकीस कारण असल्याचे प्रतिपादन केले. हा जंतू विष निर्माण करीत असावा, असा त्यांचा तर्क होता. तथापि पुढील पाऊणशे वर्षे ते विष हाती लागले नाही. याचे एक कारण असे की, जंतूंचा अर्क प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचून त्याचा परिणाम पाहिला जाई. पटकी हा आतड्याचा रोग. परंतु विषाची परीक्षा घेतली जात होती ती अन्यत्र.

कलकत्त्यातील शंभुनाथ दे (१९१५-१९८५) यांनी परीक्षेची जागा बदलली. सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून त्यांनी एक बंद कप्पा तयार केला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या कप्प्यात जिवंत जंतू सोडले असता तो द्रवाने फुगत असल्याचे दिसून आले. १९५९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध निर्णायक ठरला : जंतू पूर्णपणे गाळून काढलेल्या संवर्धद्रवानेही तोच परिणाम घडत होता. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील दत्त, पानसे व कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवरील प्रयोगांतून पटकीच्या विषाचे कार्य दाखवून दिले. रोग घडविणारे विष जंतूपासून वेगळे करता येते, हे आता सिद्ध झाले होते.

परंतु अस्तित्व सिद्ध होणे वेगळे आणि द्रव्य शुद्ध रूपात हाती येणे वेगळे. गाळलेल्या द्रवात असंख्य प्रथिने एकत्र असतात. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध केले. अशा शुद्धीकरणाच्या रूढ पद्धतींत प्रथिने त्यांच्या आकारावरून किंवा विद्युत्‌भारावरून वेगळी केली जातात. ग्रंथालयातील पुस्तके केवळ उंचीवरून लावावीत, तसाच हा प्रकार : हवा तो ग्रंथ मिळतो, पण त्याच्या शेजारी समान उंचीचे अनेक असंबद्ध ग्रंथही येतात.

विषाच्या स्वतःच्या स्वभावावर आधारलेली पद्धत १९७०च्या दशकात शक्य झाली. हे विष सहा घटकांचे असते : एक ‘ए’ घटक आणि त्याभोवती वलयाकार पाच ‘बी’ घटक. ‘बी’ घटक आतड्यातील पेशींच्या पृष्ठभागावरील जीएम-१ या शर्करायुक्त स्निग्ध रेणूला घट्ट धरतात; ‘ए’ घटक पेशीत शिरून तिचे नियंत्रण बिघडवितो, आणि क्षार व पाणी आतड्यात वाहू लागते. आतडे विषाला कशाच्या योगे ओळखते, हे आता कळले होते. तोच रेणू एखाद्या निर्जीव आधारावर बसविता आला, तर आधारही विष ओळखू शकेल.

सिलिकेचे मणी असा आधार ठरले. ते टणक असल्याने पुष्कळ द्रव वेगाने वाहू दिला तरी दबत नाहीत आणि सच्छिद्र असल्याने त्यांचे अंतर्गत पृष्ठफळ मोठे असते. मात्र उघडी सिलिका नाना प्रथिनांना सरसकट चिकटवून घेते. म्हणून तिच्यावर आधी शर्करासाखळ्यांचा लेप द्यावा लागतो. मग जीएम-१ मधील एक मेदाम्ल काढून टाकतात. त्यामुळे मोकळ्या झालेल्या अमिनो गटाद्वारे रेणू मण्याशी जोडला जातो आणि त्याचा शर्करेचा भाग बाहेर राहतो. १९८१ साली तायो, होल्मग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मण्यांनी भरलेल्या स्तंभातून विषाचे मोठ्या प्रमाणावरील शुद्धीकरण वर्णन केले. द्रव स्तंभातून जाताना विष तेवढे अडते, इतर प्रथिने वाहून जातात. नंतर आम्लधर्मी द्रावण सोडले की विष मोकळे होते.

विष शोधून काढण्याच्या सूक्ष्म पद्धतीही याच तत्त्वावर उभ्या आहेत. प्लॅस्टिकच्या लहान वाटीच्या तळाशी जीएम-१ चा थर देतात. नमुन्यातील विष त्यावर अडकले की त्याला ओळखणारे प्रतिपिंड सोडतात आणि त्याच्याशी निगडित एंझाइमाने रंग उमटवितात. नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जांश, इतके अल्प विषही त्यामुळे कळून येते.

तथापि या पारखेची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. मणी ओळखतो तो ‘बी’ घटक. ‘ए’ घटक गळून गेला तरी मण्याच्या दृष्टीने ते द्रव्य तेच. आतड्याच्या दृष्टीने मात्र ते निरुपद्रवी होय. याच निरुपद्रवीपणामुळे केवळ ‘बी’ घटक तोंडावाटे द्यावयाच्या लसीत वापरता आला. १९८५ साली बांगलादेशातील मतलब येथे अशा लसीची मोठी क्षेत्रचाचणी सुरू झाली. बंधनाची परीक्षा मणी घेतो. विषारीपणाची परीक्षा सजीव पेशीच घेऊ शकते. दोऱ्याने बांधलेल्या आतड्यात या दोन्ही परीक्षा एकत्र होत्या. मण्याने त्यांतील एक अलग करून ती अधिक नेमकी केली.

१९८५ सालीच शंभुनाथ दे निवर्तले. १९७८च्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना मिळाले होते. स्वदेशात मात्र त्यांच्या कार्याची दखल उशिरा घेतली गेली. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० साली. सिलिकेच्या मण्यावर बसविलेला रेणू हा अखेर आतड्याचाच एक अंश आहे. विष कोठे ओळखावे, हा प्रश्न कलकत्त्यात योग्य जागी विचारला गेला, म्हणूनच तो अंश पुढे शोधता आला.