मजुराचे दुखणे कोणाच्या खाती ?

दुकानातील तराजूची दांडी मोडली तर ती नवी करण्याचा खर्च दुकानाच्या खाती पडतो. गोदामाचे छप्पर वाऱ्याने उडाले, मालमोटारीचा आस तुटला, तरी तोहि खर्च निमूटपणे धंद्याच्या खातीच लिहिला जातो, व त्याबद्दल कोणा व्यापाऱ्यास आपण फार मोठा धर्म केला असे वाटत नाही. परंतु त्याच गोदामात पोते उतरविताना हमालाचा पाय मोडला, तर तो खर्च कोणाच्या खाती घालावा, असा प्रश्न निघताच आमच्या कित्येक सुज्ञ गृहस्थांची लेखणी थबकते. मग शेटजी चारपाचशे रुपये त्याच्या हातावर ठेवतात, मुनीमजी ती रक्कम धर्मादाय सदरी लिहितात, आणि दुसरे दिवशी नवा हमाल कामावर येतो. मोडलेल्या दांडीस जी जागा हिशेबात आहे, ती मोडलेल्या हाडास नसावी, हा न्याय आम्हास तरी समजत नाही.

हा प्रश्न आजचा नव्हे. सन १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील गिरणीकामगारांच्या सभा भरल्या. त्यांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे होते, व त्या सभांतून सिद्ध झालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यास एक दिवस विसावा मिळावा, दुपारी अर्धा तास सुटी असावी, पगार वेळेवर मिळावा, ह्या मागण्यांबरोबरच त्या अर्जात आणखी एक मागणी होती: काम करिताना ज्याला जबर दुखापत होईल त्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जो जन्माचा पंगू होईल त्याच्या निर्वाहाची काही तजवीज व्हावी. आता योगायोग असा की, ह्याच १८८४ सालच्या जुलैमध्ये, म्हणजे मुंबईच्या सभांपूर्वी अवघे दोन अडीच महिने, जर्मनीत नेमक्या ह्याच विषयावरचा कायदा जारी झाला होता. तेथे जे सरकारने देऊ केले तेच येथे कामगार अर्ज करून मागत होते. येथील सरकारास अपघाताच्या भरपाईचा कायदा करण्यास १९२३ साल उजाडावे लागले. मधल्या चाळीस वर्षांत किती हात यंत्रांत गेले, ह्याचा जमाखर्च कोणत्या वहीत मिळणार ?

जर्मनीत हे कार्य कोणा संताने केले असे वाचकांनी समजू नये. ते केले प्रिन्स बिस्मार्क यांनी, आणि दयाभाव हा काही त्या मुत्सद्द्याचा विशेष गुण नव्हता. १८७८ साली समाजवादी पक्षाच्या सभा, संस्था व वर्तमानपत्रे बंद पाडणारा कायदा त्यांनीच करविला. पण नुसत्या दंडुक्याने पोटाची आग विझत नाही, हेहि त्यांस उमगले होते. ज्याला म्हातारपणी राज्याकडून चार पैसे मिळण्याची आशा आहे, तो राज्य उलथण्याच्या खटपटीस सहजी लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. १७ नोव्हेंबर १८८१ रोजी बादशहाचा संदेश कायदेमंडळात वाचला गेला, आणि त्यात आजारी, जखमी व वृद्ध कामगारांच्या विम्याची योजना जाहीर झाली. हेतु शुद्ध नव्हता असे कोणी म्हणेल, तर आम्ही ते मान्य करू. परंतु विहीर खोदणाऱ्याने ती पुण्यासाठी खोदली की नावासाठी खोदली, ह्याची पंचाईत तहानलेल्याने का करावी ?

योजना तीन पायऱ्यांनी उभी राहिली. १८८३ साली आजाराचा विमा झाला. त्याच्या वर्गणीचे दोन हिस्से कामगाराने व एक हिस्सा मालकाने भरावयाचा, आणि कामगार आजारी पडल्यास औषधोपचार व तेरा आठवड्यांपर्यंत निम्मी मजुरी त्यास मिळावयाची. १८८४ साली अपघाताचा विमा झाला. त्याची सर्व वर्गणी एकट्या मालकाने द्यावयाची, आणि कायमचा निकामी झालेल्या माणसास मजुरीच्या दोनतृतीयांश इतके वेतन मिळावयाचे. १८८९ साली वार्धक्य व अपंगत्व यांचा विमा झाला. त्यात मालक व कामगार यांचा भाग समसमान असून प्रत्येक निवृत्तिवेतनात सरकार सालीना पन्नास मार्कांची भर घालीत असे. वयाची मर्यादा मात्र सत्तर होती. त्या काळी गिरणीत राबणारा माणूस सत्तरी पाहण्यापूर्वीच बहुधा जगाचा निरोप घेई, म्हणून ती मर्यादा १९१६ साली पासष्टावर आणावी लागली.

ह्या तीन कायद्यांपैकी अपघाताच्या कायद्यातील एक युक्ति आमच्या व्यापारी वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. एकेका धंद्यातील मालकांचे मंडळ करून त्या धंद्यातील सर्व अपघातांचा बोजा त्या मंडळावर टाकण्यात आला. परिणाम असा झाला की, एका कारखानदाराने यंत्रास जाळी न बसविल्यामुळे हात तुटले, तर त्याची झळ त्याच्या भाऊबंद कारखानदारांच्या खिशास लागू लागली. मग यंत्रे सुरक्षित ठेवण्याचे नियम मंडळांनीच केले, व ते पाळले जातात की नाही हे पाहण्यास तपासनीसहि मंडळांनीच ठेविले. जे काम उपदेशाने होणे कठीण, ते वर्गणीच्या पावतीने झाले. मनुष्याचे कर्तव्य व त्याचा स्वार्थ ह्यांचे तोंड एका दिशेस वळविणे, ह्यातच चांगल्या कायद्याचे कौशल्य आहे.

“असले कायदे झाले तर धंदा बुडेल” हा आक्षेप तेव्हा जर्मनीतहि निघाला होता. धंदा बुडाला नाही. पहिल्या महायुद्धाच्या पूर्वी पोलादाच्या उत्पादनात जर्मनीने इंग्लंडास मागे टाकले होते. हे विम्यामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. विमा असूनहि झाले, इतके आमच्या मुद्द्यास पुरे आहे. इंग्लंडचे मंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९०८ साली जर्मनीस जाऊन ही व्यवस्था स्वतः पाहिली आणि १९११ साली आपल्या देशात आजाराचा व काही धंद्यांपुरता बेकारीचा विमा सुरू केला.

परंतु चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे हे आमचे काम नव्हे. जर्मनीने बेकारीचा विमा १९२७ साली केला. मजुरीच्या शेकडा तीन इतकी वर्गणी मालक व कामगार यांनी निम्मी निम्मी द्यावयाची होती. दोनच वर्षांनी जगावर मंदीचे संकट कोसळले, तिजोरी रिकामी झाली, आणि वर्गणी थोडीशी वाढवावी की मदत कमी करावी, ह्या वादात मार्च १९३० मध्ये हेर्मान म्युलर यांचे मंत्रिमंडळ कोसळले. त्यानंतर त्या देशात बहुमताच्या पाठिंब्याचे सरकार टिकले नाही. १९३२ च्या आरंभी बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली, आणि पुढील वर्षी हिटलरच्या हाती सत्ता गेली. हिटलरशाहीला एवढे एकच कारण झाले असे म्हणणे अविचाराचे होईल. परंतु शेकडा पाव-अर्ध्या टक्क्यासाठी भांडणाऱ्या पक्षांनी आपण काय गमावीत आहोत हे ओळखले नाही, एवढे खरे.

ह्या धड्याचा उपयोग त्या राष्ट्राने पुढे केला. २००९ साली जगात पुन्हा मंदी आली व जर्मनीचे उत्पन्न शेकडा पाचांहून अधिक घटले. तेव्हा कारखानदारांनी माणसे काढण्याऐवजी त्यांचे तास कमी केले, आणि बुडालेल्या मजुरीपैकी शेकडा साठ, व मुलेबाळे असलेल्यांस शेकडा सदुसष्ट, इतकी भरपाई बेकारीच्या विमानिधीतून देण्यात आली. सुमारे चौदा-पंधरा लाख कामगार ह्या सोयीखाली होते. मंदी ओसरली तेव्हा कसबी माणूस आपल्या जागी होता, त्यास शोधावयास जावे लागले नाही. २०२० च्या साथीत हीच सोय सुमारे साठ लाखांस मिळाली.

तथापि तेथे सर्व गोमटेच आहे असे नाही. २००५ च्या फेब्रुवारीत बेकार पन्नास लाखांहून अधिक झाले होते. त्याच वर्षाच्या आरंभी श्र्योडर सरकारने दीर्घकाळ बेकार राहणाऱ्यांची मदत मजुरीच्या प्रमाणात न देता सर्वांस सारखी व तुटपुंजी केली: एकट्या माणसास पश्चिम भागात महिना ३४५ युरो. पुढे बेकारी घटली, पण कमी पगाराची व अर्धवेळ कामेहि पुष्कळ वाढली. कायद्याने किमान मजुरी ठरविण्यास २०१५ साल यावे लागले. २०१० साली तेथील घटनान्यायालयाने निर्णय दिला की, मदतीचा आकडा ज्या रीतीने ठरविला ती रीति घटनेस धरून नाही, आणि मनुष्यास साजेसे किमान जीवन जगण्याचे साधन हा प्रत्येकाचा हक्क आहे. हक्क हा शब्द वाचकांनी अधोरेखित करावा. त्यात मेहेरबानीचा लवलेश नाही.

आणखी एक डाग सांगणे प्राप्त आहे. जर्मनीतील मोठमोठ्या कत्तलखान्यांत रुमानिया व बल्गेरिया येथून आलेले मजूर ठेकेदारामार्फत राबत असत. ते कारखान्याचे नोकर म्हणून गणले जात नसत. २०२० च्या उन्हाळ्यात एका कत्तलखान्यात दीड हजारांवर मजुरांस साथीची लागण झाली, तेव्हा त्यांची गर्दीची बिऱ्हाडे व ठेकेदारीचा पडदा जगास दिसला. २०२१ पासून मांसधंद्याच्या मुख्य कामात ठेकेदारी बंद झाली. धडा एवढाच की, कायदा कितीहि चांगला असो, “हा माणूस माझा नोकरच नव्हे” असे म्हणण्याची फट ठेविली, की त्या फटीतून सगळा कायदा गळून जातो.

आता आपल्या दाराशी येऊ. आपणाकडे काहीच झाले नाही असे नाही. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असता, १९४४ साली, प्रा. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली व त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा निघाला. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालकाने मजुरी व तिजवरील आकार मंडळाकडे भरावा आणि मंडळाने हमालाचा भविष्यनिर्वाह, औषधपाणी वगैरे पाहावे, ही त्याची रचना आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील व पुण्यात बाबा आढाव यांनी ज्या वर्गासाठी जन्मभर कष्ट घेतले, त्याला ह्या कायद्याने प्रथमच मालकाच्या लहरीपलीकडचा आधार दिला.

पण फट आपणाकडेहि आहे. विमा कायदा सामान्यतः दहा माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो. म्हणून जेथे चौदा माणसे राबताना दिसतात तेथे हजेरीपटावर नऊच नावे का असतात, हे गूढ उकलण्यास ज्योतिषी नको. घरोघर जेवण पोचविणाऱ्या तरुणास कंपन्या “भागीदार” म्हणतात. नफ्यात ज्याचा वाटा नाही व अपघात ज्याच्या एकट्याच्या वाट्यास येतो, असा हा भागीदार ! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांकडून वर्गणी घेण्याची तरतूद आहे, व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायदा आला हे ठीक. त्याची वर्गणी वेळेवर जमते की नाही आणि ती जखमी माणसाच्या हाती पडते की नाही, हे पाहणे लोकमताचे काम आहे.

२०२४ साली आपल्या राज्याने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग प्रांताशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. आपला मुलगा तेथे नोकरीस लागेल, तर पहिल्या दिवसापासून त्याचा आजाराचा विमा उतरला जाईल व निम्मी वर्गणी त्याचा मालक भरील. त्याच्या आईबापास ही गोष्ट किती समाधानाची वाटेल ! मग तेच आईबाप आपल्या पेढीवर दुसऱ्याच्या मुलास कामास ठेवितात, तेव्हा हीच गोष्ट त्यांस जुलमाची का वाटावी ? व्यापारी बंधूंस आमची विनंति इतकीच आहे की, येत्या पाडव्यास नवी वही घालाल तेव्हा तराजू, छप्पर व मोटार यांच्या दुरुस्तीच्या पानाशेजारी एक पान आपल्या माणसांच्या नावे घालावे, हजेरीपटावर खरी नावे लिहावी, आणि त्यांच्या विम्याची रक्कम धर्मादाय सदरी न लिहिता धंद्याच्या खर्चात लिहावी. तेच तिचे खरे सदर आहे.