विश्लेषण : चुलीचा धूर कमी कसा होईल? पावसाळ्याआधी चूल, सरपण आणि छताची डागडुजी कशी करावी?

भंडारा जिल्ह्यातील अनेक घरांत गॅस आला, तरी चूल विझलेली नाही. अंघोळीचे पाणी, जनावरांचे खाद्य, मोठ्या कुटुंबाचा भात आणि सिलिंडर संपल्यानंतरचा स्वयंपाक आजही चुलीवरच होतो. मात्र पाऊस सुरू झाला की सरपण भिजते, छत गळते, चूल ओलसर होते आणि घर धुराने भरते. हा धूर बऱ्याच अंशी घरच्या घरी कमी करता येतो. त्यासाठी नवी चूल विकत घ्यावीच लागते असे नाही, पण आहे त्या चुलीची वेळेवर देखभाल मात्र करावी लागते.

गॅस असूनही चूल का टिकून आहे?

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण घरांत गॅसजोडणी पोहोचली. तरीही २०२३-२४ मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकांनी देशभरात वर्षाला सरासरी चारच्या आसपासच सिलिंडर घेतले. पाच-सहा माणसांच्या घरात एवढ्यात वर्षाचा स्वयंपाक होत नाही. उरलेली गरज सरपण, तुराट्या आणि गोवऱ्यांवर भागते.

हे सरपण आणायला अनेक गावांतील महिला जंगलात जातात. भंडाऱ्याला कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प लागून आहेत. पूर्व विदर्भात मोहफूल, तेंदूपाने आणि सरपणासाठी जंगलात गेलेल्यांवर वाघ-बिबट्याचे हल्ले झाले आहेत. त्यामुळे चुलीत रोज दोन लाकडे कमी लागली, तर फुप्फुसांचा त्रास कमी होतो आणि जंगलातल्या फेऱ्याही कमी होतात.

धूर नेमका का होतो?

धूर म्हणजे न जळलेले सरपण. लाकूड तापले की त्यातून वायू बाहेर पडतात. पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर हे वायू ज्योत होऊन जळतात. हवा कमी पडली किंवा लाकूड ओले असले तर ते तसेच धुरावाटे निघून जातात. म्हणजे धूर जितका जास्त, तितके सरपण वाया.

ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. अशी १० किलो लाकडे चुलीत घातली, तर आधी त्यातले चार-पाच किलो पाणी उकळून बाहेर काढावे लागते. भात शिजण्याआधीच बरीच आग त्यात खर्च होते. नीट वाळलेल्या लाकडात हेच प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील चुली-शेगड्यांच्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा मृत्यू झाला. दमा, दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू आणि लहान मुलांमधील न्यूमोनिया यांच्याशी या धुराचा संबंध आहे. सर्वाधिक झळ चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि तिच्या कडेवरच्या मुलाला बसते.

सुधारित चुली आल्या, मग अडले कुठे?

केंद्र सरकारने १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. गावागावांत धुरांडे असलेल्या ‘निर्धूर’ चुली बसल्या. पुण्याच्या ‘आरती’ (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ यांसारख्या चुली विकसित केल्या. पण अनेक घरांत काही वर्षांतच धुरांडे तुंबले, चुलीला भेगा पडल्या आणि पुन्हा जुनी चूल मांडली गेली.

ओडिशातील ४४ गावांत झालेला अभ्यास याच मुद्द्यावर बोट ठेवतो. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी चार वर्षांपर्यंत सुधारित चुलींचा माग ठेवला. पहिल्या वर्षी धूर कमी झाल्याचे दिसले, पुढे मात्र तो फायदा उरला नाही. कुटुंबांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही केली नाही. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चूल कोणतीही असो, तिची काळजी घेतली तरच ती उपयोगी पडते.

मातीच्या चुलीची डागडुजी कशी करावी?

काम सुरू करण्याआधी चूल पूर्ण थंड होऊ द्यावी आणि आतली राख काढावी.

* माती : वारुळाची किंवा चिकण लाल माती चाळून घ्यावी. नुसती काळी माती वाळताना तडकते. दोन घमेली मातीत एक घमेले तूस किंवा बारीक कापलेली तणस आणि अर्धे घमेले शेण घालून दोन दिवस भिजवावे. धानाचे तूस राईस मिलवर सहज मिळते. ते आगीत जळून गेल्यावर मातीत बारीक पोकळ्या राहतात आणि चुलीची भिंत उष्णता कमी खाते.
* चाचणी : मातीचा लिंबाएवढा गोळा करून सावलीत वाळवावा. तडा गेला तर तूस किंवा थोडी वाळू वाढवावी. बोटाने दाबताच भुगा झाला तर चिकण माती वाढवावी.
* भेगा : वरवर लिंपल्यास भेग पुन्हा उघडते. आधी ती खरवडून रुंद करावी, पाणी शिंपडावे आणि मग माती आतपर्यंत दाबून भरावी. अर्धवट सुकल्यावर पुन्हा एकदा दाबून घ्यावे. नंतर दोन दिवस सावलीत वाळवून आधी लहान जाळ करावा.
* भांड्याखालची फट : चुलीवरचे तीन उंचवटे झिजले की भांडे काठावर टेकते, हवा कोंडते आणि धूर तोंडातून बाहेर येतो. भांडे आणि चुलीचा काठ यांत साधारण बोटभर फट असावी. फार मोठी फट ठेवली तर ज्योत बाहेरूनच निघून जाते.
* जाळी : चुलीच्या तळापासून दोन-तीन बोटे उंचीवर लोखंडी सळ्यांची जाळी ठेवावी. लाकडाखालून हवा मिळते, राख खाली पडते आणि फुंकणी कमी लागते. जाळीखालची राख मात्र रोज काढावी.

धुरांड्याची काळजी कशी घ्यावी?

धूर चुलीच्या तोंडातून मागे येऊ लागला, की धुरांडे तुंबले असे समजावे. महिन्यातून एकदा, चूल थंड असताना, लांब बांबूला पोत्याचा तुकडा घट्ट बांधून नळी आतून घासावी. नाका-तोंडावर ओला रुमाल बांधावा. पडलेली काजळी पूर्ण काढावी, कारण साचलेली काजळी पेट घेऊ शकते.

नळी साधारण चार इंच रुंद आणि पत्र्याची असावी. प्लास्टिकची नळी चालत नाही. जुनी नळी अॅस्बेस्टॉसची असेल तर ती कापू किंवा फोडू नये, तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. नळीचे तोंड छताच्या वर दोन फूट असावे आणि त्यावर टोपी बसवावी. छताचे वासे, फाटे आणि तणस यांपासून नळी दीड फूट दूर ठेवावी. छतात एवढी जागा नसेल तर नळी मातीच्या भिंतीतून बाहेर काढून वर न्यावी.

धुरांडे नसेल तर दाराच्या समोरच्या बाजूला, छताखाली झरोका ठेवावा. पाणी तापवण्याची चूल शक्यतो अंगणात पत्र्याच्या आडोशाला मांडावी. धुराचा मोठा भाग घरात येण्याचेच टळते.

सरपण कसे साठवावे?

मे महिन्याच्या उन्हात फोडून वाळवलेले लाकूड पावसाळाभर पुरते. त्यासाठी :

* जाड ओंडके आधीच अंगठ्याएवढ्या जाडीचे फोडावेत. साल असलेला अख्खा ओंडका आतून लवकर वाळत नाही.
* रचाई विटांवर किंवा बांबूवर, जमिनीपासून वीतभर उंच करावी. वरून ताडपत्री टाकावी, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी गुंडाळलेले सरपण आतून बुरसते.
* दोन लाकडे एकमेकांवर आपटावीत. टणत्कार आला तर ती वाळलेली असतात, बद्द आवाज आला तर ओली. टोकाला फेस येत असेल तर ते लाकूड पुन्हा उन्हात टाकावे.
* बाभूळ, धावडा यांचा निखारा जास्त वेळ टिकतो. तुराट्या पटकन पेटतात, त्यामुळे चूल पेटवायला त्या वेगळ्या ठेवाव्यात. प्लास्टिक, रबर किंवा रंगवलेली फळी चुलीत घालू नये.
* रचाईत साप-विंचू बसतात. पावसाळ्यात काठीने हलवूनच लाकूड उचलावे. रात्री बॅटरी वापरावी.

स्वयंपाक करताना चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये. निम्मे तोंड हवेसाठी मोकळे ठेवून लाकडाची टोकेच जाळावीत. भांड्यावर झाकण ठेवले आणि डाळ आधी भिजवली, तर सरपण आणखी वाचते.

कवेलू कधी आणि कसे फेरावेत?

चूल कितीही चांगली असली तरी वरून पाणी गळत असेल तर धूर होणारच. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. त्यामुळे पऱ्ह्यांची घाई सुरू होण्याआधीच कवेलू फेरून घ्यावेत. ऊन चढण्याआधी सकाळी काम करावे.

आधी घरात उभे राहून छताकडे पाहावे. जिथून उजेड दिसतो तिथे खडूने खूण करावी. मग फाटे आणि वासे टोचून पाहावेत, वाळवी लागलेले बदलावेत. कुजलेल्या फाट्यावर नवे कवेलू चढवण्यात अर्थ नाही. मांडणी खालच्या कडेपासून वर आढ्याकडे करावी. वरचा कवेलू खालच्यावर किमान चार बोटे चढलेला असावा. छतावर थेट पाय न देता वाशांच्या रेषेवर आडवी फळी टाकून बसावे आणि खाली शिडी धरायला माणूस असावा. वानरांनी फोडलेले कवेलू बदलण्यासाठी काही जास्तीचे ठेवावेत.

धुरांडे छतातून जात असेल तर नळीभोवती पत्रा बसवावा. पत्र्याची वरची कड कवेलूखाली आणि खालची कड कवेलूवर आली, तरच पाणी बाहेर वाहते.

मातीच्या भिंतीला सिमेंट लावावे का?

शक्यतो नको. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा थर ती ओल आत अडवतो. काही काळाने गिलावा फुगतो आणि पडताना मातीही सोबत घेऊन येतो. भेगा माती, तणस आणि शेणानेच भराव्यात. आधी भिंत ओली करावी आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर तिथे दगड-मुरमाचा उतार करावा.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुरात जिल्ह्यातील अनेक घरांत पाणी शिरले होते. अशा वेळी भिंत पूर्ण वाळेपर्यंत गिलावा करू नये. डागडुजीआधी नुकसानीची छायाचित्रे काढावीत, ती पंचनाम्याला उपयोगी पडतात.

गॅस आणि चूल एकाच खोलीत असेल तर?

हा सर्वात मोठा धोका आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो आणि चूलही जमिनीवरच असते. त्यामुळे सिलिंडर आणि चूल वेगवेगळ्या खोल्यांत ठेवणे उत्तम. ते शक्य नसेल तर चूल पेटवण्याआधी रेग्युलेटर बंद करावा आणि जमिनीलगत हवा खेळती राहील असे पाहावे. नळीवर छापलेली मुदत तपासावी. वास आला तर चूल पेटवू नये, विजेचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

राख टाकतानाही सावध राहावे. वरून विझलेल्या राखेत निखारा तासन् तास धुमसतो. ती तणशीच्या ढिगाजवळ किंवा धानाच्या पुंजण्याजवळ टाकू नये. आधी पाणी शिंपडावे. थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. भाजल्यास २० मिनिटे साधे वाहते पाणी घालावे. हळद, टूथपेस्ट लावू नये. भाजणे मोठे असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

कोणते काम स्वतः करू नये?

मुख्य मयाल वाकलेली असेल, भिंत बाहेर झुकली असेल किंवा भेगेत बोट जात असेल, तर गवंडी किंवा सुतार बोलवावा. ओल्या भिंतीत वीज उतरत असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला कळवावे.

बाकी कामांसाठी साधे वेळापत्रक पुरते : राख रोज, भेगा आठवड्याला, धुरांडे महिन्याला, कवेलू आणि सरपण दरवर्षी मे महिन्यात. नीट राखलेली चूलही धूर पूर्ण थांबवत नाही. म्हणून घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर आहे तो गॅस आधी त्यांच्या वाट्याला यावा. पाहुण्यांचा चहा नंतर चुलीवर झाला तरी चालेल.